ह्यांचे आवाज ठेवायची जागा

जवळ ये गं. वाचायलासुद्धा माणसाला जवळ यावं लागतं, असं लांबून नुसती नजर फिरवून काही कळत नाही. त्या दिवशी लग्नात तू मला विचारलंस, "मावशी, काकांच्या उशाशी बसून तू त्या काळ्या स्क्रीनवर काय टाइप करायचीस गं?" आणि मी तोंड उघडेपर्यंत तू डोशाच्या काउंटरवर. विचारलं तर उत्तर ऐकायला थांबावं, एवढं शिकवलं नाही का तुझ्या आईनं? बहीण माझीच आहे ती, भेटली की तिलाही ऐकवीन. तर आता लिहूनच काढते. लिहिलेलं असलं की तू डोसा आणायला गेलीस तरी ते बिचारं तिथंच थांबतं.

तुझ्या काकांना झटका आला ते तुला माहीत आहे. उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. हात-पायाचं मी सोसलं. पण बोलणं? शांती नगरात आम्ही राहायला आलो तेव्हापासून सोसायटीच्या मीटिंगमध्ये ह्यांना गप्प करायला सेक्रेटरी मुद्दाम चहा मागवायचा. तोंडात चहा असेल तेवढाच वेळ दुसऱ्यांना. गणपतीत हाऊजीचे आकडे हेच पुकारायचे, आणि प्रत्येक आकड्याला एक टोमणा. त्या माणसाच्या तोंडून आता तीन-चार आवाज यायचे. बऊ. झू. तातू. बस. डॉक्टर म्हणाले, "ह्यांना समजतं सगळं. शब्द बाहेर येत नाहीत." तू विचार कर, सगळं समजतंय आणि तोंडातून येतंय काय, तर बऊ.

पहिले काही महिने मीही रडत होते आणि तेही. मग हळूहळू कळायला लागलं की ते उगाच आवाज काढत नाहीत. बऊ सकाळी, दाराकडे बघून, म्हणजे पेपर आला का. तेच बऊ दुपारी, डावा हात गादीवर आपटून, म्हणजे मला कूस बदलून द्या. संध्याकाळी खिडकीकडे बघून बऊ, म्हणजे खिडकी लावा, डास येतायत. तातू म्हणजे मी. दुसरी कुणी जवळ आली की तातू दोनदा, म्हणजे हिला नको, तातूला बोलवा. झू कळायला सगळ्यात वेळ लागला. आधी वाटलं तहान, मग वाटलं लघवी. एक दिवस लाईट गेली आणि ह्यांनी असा सुटकेचा श्वास सोडला की मी बघतच राहिले. झू म्हणजे ट्यूबलाईट डोळ्यांवर येतेय. एवढंच होतं. किती तरी दिवस त्या माणसानं माझ्याकडे नुसता अंधार मागितला आणि मी पाणी पाजत राहिले.

मला कळलं, ठीक. पण मी काय चोवीस तास उशाशी बसणार? बँक आहे, औषधं आहेत, माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. दिवसा राई गावातून एक बाई यायची ह्यांचं करायला. हाताला फार चांगली, ह्यांना लेकरासारखं उचलायची. पण मी बाहेर गेले की तिचा फोन. "काकी, काका बऊ बऊ करतान, मना काय समजत न्हाय." मी भाजीवाल्यासमोर उभी, "आता किती वाजले? बघतायत कुठं?" भाजीवाला माझ्याकडे बघतोय. "आंटी, क्या हुआ?" आता त्याला काय सांगू.

म्हणून मी सगळं लिहून ठेवायचं ठरवलं. आधी व्हॉट्सॲपवर ग्रुप केला, मी, ती बाई आणि आमचा मुलगा, तुझा दादा. दोन दिवसांत तो सुप्रभात आणि फुलांच्या फोटोंखाली गाडला गेला. मग मोबाइलवर रकाने असलेली शीट केली. तिच्या बोटानं काय दाबलं गेलं कोण जाणे, एकच रकाना अकारविल्हे लागला आणि बाकीचे जागच्या जागी. म्हणजे आवाज एका ओळीत, अर्थ भलत्याच ओळीत. कूस मागितली की चहा. ती रडवेली होऊन म्हणाली, "म्या काय नाय केला." मी म्हटलं, "तू नाही गं, ही शीटच भोळी आहे."

तुझ्या दादाला विचारलं. तो कॉम्प्युटरमधलाच, बंगळुरूला. म्हणाला, "आई, ह्याला खरं तर डेटाबेस लागतो. आवाज, वेळ, नजर, अर्थ, सगळं एकमेकांना बांधलेलं. म्हणजे कुणाच्या बोटानं हलणार नाही." मी म्हटलं, "मग दे करून." "बघतो," म्हणाला. मुलांचं 'बघतो' तुला माहीत आहे. तुझी आईही मला सांगते तुझ्या 'बघते'बद्दल.

मग मीच शिकले. हसू नकोस. मी आयुष्यभर टायपिंग केलंय, फोर्टात एका वकिलाकडे, आणि तेही क्लास न लावता, दुसऱ्यांची बोटं बघून शिकले होते. माउस माझ्या हातात थरथरतो, त्या चिमुकल्या बटणांवर नेमका जातच नाही. पण काळी स्क्रीन आली की मी घरी आल्यासारखी. तिथं दाबायचं काही नसतं. एक ओळीचा हुकूम लिहायचा आणि एंटर. शब्द, मग दोन छोट्या आडव्या रेघा, मग आणखी शब्द. एक जागा चुकली की लगेच सांगते, हे चुकलं. मला ते फार आवडलं. आपल्याकडे चुकलं तर कुणी तोंडावर सांगतं का? मागून सांगतात.

हिंदीतले व्हिडिओ लावायचे, थांबवायचे, एक ओळ टाइप करायची, परत लावायचे. शिकवणारा पोरगा दर वाक्याला "बहुत आसान है" म्हणायचा. हे पलंगावरून ऐकायचे आणि त्या "आसान है"ला डाव्या भुवईनं हसायचे. तेवढी एक भुवई हाऊजीच्या काळातली उरली होती.

डेटाबेस ठेवायला इंटरनेटवर जागा भाड्यानं देणारी कंपनी असते, तिथं खातं उघडायला कार्ड लागतं, आणि माझं बँकेचं कार्ड त्यांना चालेना. मग तुझ्या दादानं स्वतःच्या कार्डावर खातं उघडलं आणि मला आत घेतलं. म्हणजे जागा त्याच्या नावावर, राहणारी मी. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलाच्या नावावर ठेवलं म्हणजे आपलंच, असं धरून चालणारी माणसं आम्ही. ह्या फ्लॅटचंही तेच केलंय.

पहिला डेटाबेस मी केला तो अमेरिकेत. मला माहीतच नव्हतं की कुठं ठेवायचा ते सांगावं लागतं, नाही सांगितलं तर तो स्वतःच्या मनानं तिकडं ठेवतो. मी इकडं बऊ टाकून बघितलं की उत्तर तिकडून येईपर्यंत ह्यांचा धीर सुटायचा. दुसरा मुंबईत केला, झटपट उत्तर द्यायचा, पण त्याच्या पासवर्डात मी हौसेनं डॉलरचं चिन्ह घातलं. ती काळी स्क्रीन डॉलर दिसला की त्याचा वेगळाच अर्थ लावते आणि पुढची अक्षरं गिळून टाकते, हे मला कोण सांगणार? मी दाराबाहेर, माझाच पासवर्ड मला आत घेईना. आता कळतं, तो बदलता आला असता. तेव्हा मला वाटलं, गेला.

दोन गेले. आता आपल्या घरात दोन गेल्यावर काय करतात ते तुझ्या आजीनं तुला सांगितलंय. तुझ्या मोठ्या मामाच्या आधीची दोन मुलं राहिली नाहीत. म्हणून ह्याला जन्मल्या जन्मल्या सुपात घालून उकिरड्यावर ठेवला, शेजारणीनं तिथून उचलून आणून आईच्या ओटीत घातला, आणि नाव ठेवलं कचऱ्यावरून. नाव असं की यमालाही उचलावंसं वाटू नये. आणि जगला की नाही मामा? पेन्शन घेतोय, दुपारी झोप काढून सगळ्यांना उपदेश करतोय.

म्हणून तिसऱ्याला मी नाव दिलं कचरा. इंग्रजी अक्षरात, के-ए-सी-एच-आर-ए. एंटर दाबलं. एकेक टिंब पुढं सरकत होतं, तयार होतोय, तयार होतोय, आणि मी ह्यांचा हात धरून बसले होते, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसतात तशी. झाला. मी म्हटलं, "अहो, झाला." ते म्हणाले, "तातू."

त्यातही आमचे शब्द आधी नुसती प्रश्नचिन्हं होऊन परत आले. मराठी चालते असं वेगळं सांगावं लागतं, ते सांगितलं. मग रोज सकाळी ह्यांचं पुसून झालं, दूध-बिस्किट झालं की मी बसायचे आणि आदल्या दिवशी जे नवीन कळलं ते घालायचे. मोबाइलवर दिसायला एक तयार पान जोडलं. बाईनं आवाज दाबायचा, वेळ ते स्वतःच घ्यायचं, बघतायत कुठं ते दाबायचं, की मोठ्या अक्षरात अर्थ. तिचे फोन बंद झाले. एकदा मी घरी आले तर दोघं पेपर बघत बसलेली. ती मला म्हणाली, "काकी, काका मना हसला आज." दोन वर्षं चाललं हे. दोन वर्षांत किती अर्थ जमले, एका माणसाच्या चार आवाजांतून, तुला खरं वाटणार नाही. बऊचा एक अर्थ होता, पावसाचं वातावरण झालंय, गॅलरीतले कपडे काढ. बोल आता.

मग ह्यांच्या छातीत कफ भरला. रिक्षात घालून मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात नेलं, त्यांनी सरळ आत घेतलं, आयसीयूत. मला बाहेर. भेटायची वेळ संध्याकाळी थोडीशी, काचेतून म्हटलं तरी चालेल. मी सिस्टरला माझ्या मोबाइलवरचं पान तिच्या मोबाइलवर उघडून दिलं. केरळची होती, समजूतदार. म्हटलं, "सिस्टर, ये जो आवाज़ निकालेंगे, इसमें दबाओ, मतलब आएगा." तिनं माझ्यासमोर झू दाबून बघितलं. गोल गोल फिरलं आणि काहीच आलं नाही. मी म्हटलं, "नेटवर्क नहीं होगा." ती म्हणाली, "कोई बात नहीं आंटी, बाद में देखती हूँ."

मी तशीच घरी जाऊन लॅपटॉप आणला, हॉस्पिटलच्या बाकावर मांडीवर घेतला आणि तो साधा हुकूम दिला जो मी रोज द्यायचे, माझे काय काय आहेत ते दाखव. उत्तर आलं, शून्य.

मी परत दिला. शून्य. अक्षर चुकलं असेल म्हणून परत. त्या काळ्या स्क्रीननं आजवर मला खोटं सांगितलं नव्हतं, ह्या वेळीही नाही.

तुझ्या दादाला फोन लावला. तो म्हणाला, "अगं हो आई, ते मीच काढलं. काल रात्री खात्याची साफसफाई केली. मला सिक्युरिटीचा मेल आला होता, तुझं दार सगळ्या जगाला उघडं होतं."

होतं उघडं. आमचा केबलवाला इंटरनेटचा पत्ता सारखा बदलतो, दर वेळी मी बाहेर राहायचे, म्हणून मीच सगळ्यांना येऊ दे असं केलं होतं. पण जगातून कोणी आलं नाही बघ. आला तो घरातलाच.

"मला विचारलं नाहीस?" मी म्हटलं.

"आई, त्याचं नाव कचरा होतं. तिथं तीन पडले होते, एक अमेरिकेत, एक बंद, एक कचरा. मला वाटलं तू शिकताना केलेले असतील."

"तुझ्या मामाला कधी पालिकेच्या गाडीत टाकला नाहीस रे."

तो म्हणाला, "सॉरी. बॅकअप असायला हवा होता, पण तो त्याच्याबरोबरच जातो. मी नवीन करून देतो आई, दहा मिनिटांचं काम आहे. आता मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी करू?"

दहा मिनिटांचं काम. ते खरंच आहे, म्हणून तर राग येतो. डबा दहा मिनिटांत होतो, आतलं भरायला दोन वर्षं लागली. मी त्याला म्हटलं, "बाबा आयसीयूत आहेत." त्याला ते माहीत नव्हतं, मी अजून सांगितलंच नव्हतं, सकाळपासून धावत होते. तो लगेच विमान बघायला लागला. पोरगा वाईट नाही माझा. त्याला त्या पानात काय आहे हे माहीत होतं, बापासाठी आहे हेही माहीत होतं, ते त्या कचऱ्यातूनच येतं एवढं तेवढं नव्हतं. फक्त एकदा फोन करून "आई, हे काय आहे" एवढं विचारायला त्याला सुचलं नाही. आईनं केलेलं म्हणजे खेळच असणार, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. माझं दुःख तिथं आहे, डेटाबेसमध्ये नाही.

मला सगळं पाठ होतं गं. पण मला आत कोण घेतंय? औषधांच्या बिलामागं मुख्य मुख्य लिहून दिलं, झू म्हणजे लाईट, बऊ आणि हात आपटला म्हणजे कूस. त्या सिस्टरनं घेतलं. तिची ड्यूटी संपली, दुसरी आली, तिला त्या कागदाचं ठाऊक नाही. तिसरीला विचारलं तर म्हणाली, "कौन सा कागज़, आंटी?" काचेतून मला ह्यांचं तोंड दिसायचं. उघडायचं, मिटायचं. आवाज काही यायचा नाही बाहेर. त्यांना वाटत असणार, तातू इथंच उभी आहे आणि येत नाही.

मग ह्यांचा चांगला हात बांधला. नळी ओढतायत, म्हणाले. सही घेतली माझी त्यावर. ती केरळची सिस्टर परत ड्यूटीवर आली तेव्हा हळूच मला सांगितलं, "आंटी, अंकल रात-दिन झू झू बोलते रहे. हमको लगा घबराहट है."

घबराहट नव्हती. आयसीयूत दिवे बंद होत नाहीत, आणि ह्यांच्या पलंगाच्या बरोबर वर एक होता. त्या माणसाला उजेड नको होता. त्यासाठी हात बांधला त्याचा.

कफ निघाला. घरी आणले. तुझा दादा आठवडाभर राहिला, बापाचे पाय चोळले, माझ्यासाठी नवीन डेटाबेस करून दिला, कुलूपबंद, कुणालाही काढता येणार नाही असा. नाव छान ठेवलंय, आईचं काम, असं काहीतरी इंग्रजीत. मी म्हटलं, "बरं." आणखी काय म्हणणार. जाताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्याची समजूत घालावी लागली. आयांचं हे काम कधी संपत नाही, तुला कळेल पुढं.

आठवेल तेवढं मी परत भरलं. पान पुन्हा चालू झालं. पण हे आवाजच काढत नाहीत.

घरी आल्यापासून बऊ नाही, झू नाही. डॉक्टर म्हणतात, आत आणखी एक बारीक झटका येऊन गेला असेल, किंवा मन खचलं असेल, सांगता येत नाही. मला विचारशील तर मला माहीत आहे. दोन वर्षं त्यांनी आवाज दिला की कुणीतरी ओ द्यायचं. मग एकदम जिथं सगळ्यात गरज होती तिथं कुणी दिली नाही. माणूस किती वेळा हाक मारेल? आता ट्यूब डोळ्यांवर असली तरी नुसते डोळे मिटून घेतात. राईची बाई मोबाइल हातात धरून बसते आणि माझ्याकडे बघते. परवा म्हणाली, "काकी, काका रागावलान का आपल्यावर?" मी भांडी घासत होते, घासत राहिले.

सकाळी मी अजून बसते त्या काळ्या स्क्रीनसमोर. हुकूम देते, आदल्या दिवशीचं दाखव. काही नसतं. ती तसं स्पष्ट सांगते, तिला खोटं येत नाही.

तर हे करत होते मी, मिळालं उत्तर? आता माझं एक ऐक. तू दहावीत होतीस तेव्हा सुट्टीत आमच्याकडे यायचीस आणि काकांशी रमी खेळताना पानं मांडीखाली लपवायचीस. सगळ्या घराला माहीत होतं, त्यांनाही. ते असे चिडायचे की शेजारचा गुजराती दार उघडून बघायचा. तुझ्याएवढं ह्यांना कुणीच चिडवलेलं नाही, मीसुद्धा नाही. तू ये. फोन करू नकोस, नुसती ये, भाईंदरला उतरण्यापेक्षा मीरा रोडला उतरलीस तर रिक्षा जवळ पडते. त्यांच्या डाव्या हाताला पानं लावून दे आणि त्यांच्या डोळ्यांदेखत लबाडी कर. मला गोड अर्थ नकोत आता. शिवी दिली तरी चालेल, मी लिहून घेईन. ह्या आठवड्यात जमव, पुढच्यावर नेऊ नकोस.